रुईच्या मुळाची साल

सणसरच्या बांधावर शेळ्या राखत वाढलेल्या स्वरूपाला झाडं माणसांसारखी ओळखू यायची. चेहऱ्यावरून, वासावरून, आणि तेवढ्यानं नाहीच जमलं तर पान मोडून चिकाच्या रंगावरून. लग्न होऊन ती बारामतीत आली. नवरा लखन एसटीच्या डेपोत मेकॅनिक. तेविसाव्या वर्षी तिला एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचराची जागा मिळाली. काचेची भांडी धुवायची, मुलांना सूक्ष्मदर्शक काढून द्यायचे, संध्याकाळी मोजून कपाटात ठेवायचे. बारा-तेरा वर्षं यातच गेली.

मग विभागात वैदेही मॅडम आल्या. एकदा त्या मुलांना घेऊन इंदापूरकडच्या माळावर झाडं गोळा करायला गेल्या होत्या. दोन जागची रोपटी एकच समजून त्यांनी एका पिशवीत भरली. मागून स्वरूपा हळूच म्हणाली, "मॅडम, या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत हो. चुलत असतील."

मॅडमनी फुलं भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितलं. मग पिशवी रिकामी करून दोन वेगळ्या पिशव्या भरल्या. त्या दिवसापासून स्वरूपाचं भांडी धुणं काही सुटलं नाही, पण मॅडमच्या संशोधनातलं निम्मं काम तिच्या हाताखालून जाऊ लागलं.

संशोधन रक्ताच्या कॅन्सरवरचं होतं. या कॅन्सरच्या काही प्रकारांवर आता गोळ्या निघाल्या आहेत. रोज गोळी घेऊन माणूस वर्षानुवर्षं कामधंदा करतो. पण काहींच्या अंगातल्या कॅन्सरच्या पेशी पुढं रूप बदलतात आणि गोळीला दाद देईनाशा होतात. अशा हट्टी पेशींना मारणारं एखादं द्रव्य आपल्या माळावरच्या झाडांत आहे का, हे मॅडम धुंडाळत होत्या. झाड ओळखून आणायचं, सावलीत वाळवायचं, कुटायचं, रसायनात भिजत घालायचं, आटवायचं आणि बाटलीवर नंबर टाकून फ्रीजरमध्ये ठेवायचं, इथवर बारामतीत. पुढं बाटल्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जात. त्या हट्टी पेशी तिथं काचेच्या बश्यांत वाढवलेल्या असत. बाटलीतला थेंब त्यांच्यावर टाकला जाई आणि किती मेल्या, किती उरल्या याचा हिशोब मॅडमकडे येई. सोळा बाटल्या गेल्या होत्या. सोळांपैकी एकीनंही काही केलं नव्हतं.

स्वरूपा या कामात जीव ओतायची. मॅडमना वाटायचं, बाईला आवड आहे. खरं कारण वेगळं होतं, आणि ते स्वरूपानं विभागात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिचा सख्खा थोरला भाऊ मानसिंग याला सहा वर्षांपासून हाच रोग होता.

मानसिंग म्हणजे सणसरचा ऊसवाला शेतकरी, साखर कारखान्याचा सभासद, गावात चार माणसं ज्याचं ऐकतात असा. रोग निघाला तेव्हा तो हसला होता. "रक्ताचा कॅन्सर आन त्यावर रोज एक गोळी? आगं, बैलालाबी याच्यापेक्षा मोठी गोळी देतो आपण." चार वर्षं त्या गोळीनं त्याला कशाची उणीव भासू दिली नाही. पाचव्या वर्षी रक्तातला आकडा वर सरकायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. दुसरी गोळी वर्षभर टिकली आणि आकडा पुन्हा चढला. या खेपेला डॉक्टरांनी रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं. पेशींनी नेमकं कुठलं रूप घेतलंय ते कळलं म्हणजे तिसरी गोळी ठरवता येईल, रिपोर्टला तीन आठवडे लागतील, तोवर हीच चालू ठेवा, असं सांगून त्यांनी त्याला घरी धाडलं.

घरी आलेला मानसिंग हसत नव्हता.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मॅडमच्या कॉम्प्युटरवर पुण्याहून निकाल आला. स्वरूपा शेजारच्या बेसिनवर नळ्या विसळत होती.

"सतरा!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "स्वरूपाताई, सतरा नंबर! अठ्ठेचाळीस तासांत शंभरातल्या शहाऐंशी पेशी मेल्या. गोळीला न जुमानणाऱ्या पेशी, त्यासुद्धा!"

सतरा नंबर म्हणजे रुई. रुईच्या मुळाची साल. उन्हाळ्यात स्वरूपानं स्वतः पहार घालून ती मुळं खणली होती. चीक उडून मनगटावर फोड आले होते.

"थांबा हं, खाली अजून दुसरा तक्ता आहे," मॅडम म्हणाल्या. पण तेवढ्यात प्रॅक्टिकलची घंटा झाली, मुलं दारात उभी राहिली आणि स्वरूपा सूक्ष्मदर्शक काढून द्यायला पळाली. दिवसभर ती जमिनीवर नव्हती. संध्याकाळी घरी येऊन चपला काढायच्या आधी तिनं सणसरला फोन लावला.

"दादा, मेल्या रे! त्या हट्टी पेशी मेल्या. आपल्या बांधावरच्या रुईनं मारल्या!"

 पलीकडून मानसिंगनं सावकाश विचारलं, "रुईचं काय घेता तुमी? पानं का चीक?"

"मुळाची साल."

"बरं," तो म्हणाला. आणि घरच्यांची ख्यालीखुशाली विचारून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दुसरा तक्ता तिच्यापुढं ठेवला. त्या कालच्याइतक्या खूश नव्हत्या. कॅन्सरच्या पेशींच्या शेजारच्या बशीत निरोगी माणसाच्या पेशी होत्या. सतरा नंबरनं त्याही मारल्या होत्या, जवळजवळ तितक्याच. "हे औषध नाही, ताई. आत्ता तरी हे नुसतं विष आहे. रुईत हृदयावर घाला घालणारी द्रव्यं असतात. यातलं कामाचं काय आणि घातक काय, हे निवडायलाच आपल्याला वर्षं लागतील. सदाफुलीचं माहीत आहे ना? तिच्यापासून रक्ताच्या कॅन्सरवरचं औषध निघालं खरं. पण शेकडो किलो पाला गाळावा तेव्हा चिमूटभर हाती येतं, आणि तेही डॉक्टर तोलूनमापून शिरेतून देतात. म्हणून कुणी सदाफुलीचा काढा प्यायला तर तो बरा होत नाही, मरतो." मग त्यांनी एक कागद छापून फ्रीजरच्या दारावर चिकटवला. नमुना सतरा, हातमोजे घालावेत. विषबाधेची लक्षणं: उलट्या, नाडी मंद होणं, सगळं पिवळं दिसणं.

स्वरूपानं ते वाचलं. दादाला फोन करून सांगायला हवं, हे तिच्या मनात आलं. पण काल ज्या तोंडानं एवढी मोठी आशा सांगितली, त्याच तोंडानं ती आज काढून घ्यायची? रविवारी सणसरला जाऊच, समोरासमोर सांगू, असं तिनं ठरवलं. रविवारी लखनच्या मावशीकडं बारसं निघालं. सणसर राहिलं.

पुढच्या बुधवारी, सकाळी साडेदहाला, ती प्रयोगशाळेत असताना वहिनीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांचं कायतरी बिनसलंय. चार दिस झालं, उलट्या थांबंनात. पाणीसुदीक ठरत न्हाय. आन आज म्हणत्यात, समदं पिवळं दिसतंय. भित पिवळी, दूध पिवळं."

स्वरूपाच्या हातात काचेची बाटली होती. तिनं ती जपून ओट्यावर ठेवली. "वैनी, कावीळ हाय का? डोळं बघ."

"बघितलं. डोळं पांढरंफेक हायत."

फ्रीजरच्या दारावरचा कागद समोरच होता. "वैनी, खरं सांग. दादा काय पितोय का? काढा, मूळ, काय बी?"

 वहिनी रडवेल्या आवाजात म्हणाली, "मला शपथ घातलीया वो. म्हणले, स्वरीच्या लॅबोरेट्रीतलं औषीद हाय, कुणाला बोलू नगं, तिची नोकरी जाईल. आठ दिस झालं, रोज सकाळी मूळ उकळून घेत्यात. गोळीबी बंद केलीया."

 स्वरूपानं आवाज घट्ट ठेवला. "मनगट धर त्याचं. भितीवरच्या घड्याळात बघत ठोके मोज. एक मिनिट. मी फोनवर हाय."

ते एक मिनिट तिनं प्रयोगशाळेच्या घड्याळाकडं बघत काढलं. बाहेर व्हरांड्यात मुलं मोठ्यानं हसत होती.

"अडतीस," वहिनी म्हणाली. "मधीच एक ठोका चुकतुया."

"शेजारच्या विजयसिंहची गाडी बोलव. आत्ता. बारामतीला आणायचं, मोठ्या दवाखान्यात."

"येत न्हाईत वो ते. म्हणत्यात, दवाखान्यात गेलं की समदं विचारत्याल."

"त्याच्या कानाला लाव फोन."

मानसिंगचा श्वास ऐकू आला. जड, ओढलेला.

"दादा, ऐक. ते औषीद न्हाय. विष हाय. मला दुसऱ्याच दिशी कळलं होतं आन मी तुला सांगितलं न्हाय. माझी चूक हाय. नोकरी गेली तर जाऊ दे. तू गाडीत बस."

"स्वरे, आकडा उतरला आसंल न्हवं पर?" तो म्हणाला. त्याची जीभ जडावली होती. "आठ दिस झालं की."

"तू गाडीत बस रं दादा!" ती ओरडली. थोड्या वेळानं वहिनीचा आवाज आला, "उठत्यात. उठलं एकदाचं."

मॅडम वरच्या मजल्यावर वर्ग घेत होत्या. स्वरूपा जिन्यापर्यंत गेली आणि थांबली. वर जाऊन सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. तिनं मागं फिरून फ्रीजरवरचा कागद ओरबाडून काढला, लखनला फोन केला आणि गेटवर येऊन उभी राहिली. लखन डेपोतनं ग्रीसच्याच हातानं मोटरसायकल घेऊन आला. तिनं रुग्णवाहिकेलाही फोन लावला होता. सणसरच्या रस्त्यानं या, असं सांगितलं होतं.

हंगाम सुरू झालेला. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडं रांग लावून चाललेले. लखन शिस्तीचा माणूस, पण त्या दिवशी त्यानं मोटरसायकल कुठनं कुठनं काढली ते त्याचं त्यालाच माहीत. निम्मा रस्ता झाला आणि पुढं सगळंच थांबलेलं दिसलं. एक ट्रॉली कलंडली होती. रस्ताभर उसाचा ढीग पसरलेला, एकीकडं कालव्याचा भराव, दुसरीकडं पाण्याची चारी. या बाजूला गाड्यांची रांग, त्या बाजूलाही रांग.

स्वरूपा मोटरसायकलवरून उतरली आणि उसावरून धडपडत पलीकडं गेली. पाचवी का सहावी गाडी विजयसिंहची होती. मागच्या सीटवर वहिनीच्या मांडीवर मानसिंगचं डोकं. चेहऱ्याला राखेची कळा आलेली.

"अर्धा तास झाला, हलायचं नाव न्हाय," विजयसिंह खिडकीतून म्हणाला. "जेसीबी बोलीवलाय म्हणत्यात."

तिनं मनगट धरलं. ठोका लागेना. मग लागला. मग पुन्हा बराच वेळ लागला नाही.

जेसीबीची वाट बघणं शक्य नव्हतं. रस्त्याच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या होत्या. स्वरूपा त्यांच्याकडं धावली. एक म्हातारा कोयत्याला धार लावत बसला होता. तिनं काय सांगितलं ते तिला पुढं आठवेना. म्हातारा उठला, आपल्या कोपीतली बाज त्यानं झटक्यात उलटी करून अंथरूण खाली पाडलं आणि दोघातिघांना हाका मारल्या. चार मजुरांनी मानसिंगला बाजेवर घेतलं. दुपारच्या उन्हात, सांडलेल्या उसावर पाय रोवत, एकेक पाऊल टाकत ती माणसं बारामतीच्या बाजूला निघाली. ऊस पायाखाली गडगडत होता. मधेच एकाचा पाय सटकला, बाज तिरकी झाली, वहिनी किंचाळली. म्हातारा पुढून ओरडला, "धर रं! सोडायचं न्हाय!" बाज पुन्हा सरळ झाली.

त्या बाजूला रुग्णवाहिका रांगेच्या शेपटाला पोचली होती. लखननं पळत जाऊन तिला वाट करून आणली. मजुरांनी मानसिंगला आत ठेवलं. आभार मानायलाही स्वरूपा थांबली नाही.

दवाखान्यात छातीला तारा लावून हृदयाचा आलेख काढला गेला. डॉक्टरांचं नाव नीळकंठ. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी आलेख दोनदा बघितला आणि मानसिंगवर वाकून विचारलं, "काय घेतलं होतं तुम्ही?"

"काय न्हाय," मानसिंग पुटपुटला. "गोळी... रोजची."

"ही त्या गोळीची लक्षणं वाटत नाहीत."

मानसिंगनं डोळे मिटून घेतले. बहिणीकडं बघायचं टाळत होता तो. स्वरूपानं चुरगळलेला कागद डॉक्टरांच्या पुढं धरला. "रुई, सर. मुळाची साल उकळून. आठ दिवस, रोज सकाळी. मी सांगितलं म्हणून. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिथं हे काम चालतं."

डॉक्टरांनी कागद वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण हात भराभर चालू लागले. नर्सला तीन-चार सूचना दिल्या, आधी सांगितलेलं एक इंजेक्शन थांबवायला लावलं. मग म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत. रक्तात पोटॅशियम खूप वाढलंय. अशा वेळी एरवी आम्ही जे पहिलं देतो, ते या विषात द्यावं की नाही, याचा दहा वेळा विचार करावा लागतो. त्या मुळात नेमकी कुठली द्रव्यं आहेत, हे तुमच्याकडं कुणाला माहीत असेल?"

"मॅडमना."

"लावा फोन."

हाच फोन तिनं सकाळपासून टाळला होता. तिनं लावला. "मॅडम, सतरा नंबर माझा भाऊ प्यायलाय," एवढंच बोलून तिनं फोन डॉक्टरांच्या हातात दिला.

मानसिंगला अतिदक्षता विभागात नेलं. औषधानं ठोके वाढेनात, तेव्हा मानेच्या शिरेतून हृदयापर्यंत तात्पुरती तार घालून बाहेरच्या यंत्रानं ते चालवायला सुरुवात केली. दाराच्या काचेतून स्वरूपाला त्या यंत्रावरचा हिरवा आकडा दिसत होता. साठ. तो तिच्या भावाचा नव्हता, यंत्राचा होता.

तासाभरात वैदेही मॅडम आल्या. हातात फाइल, कपाळावर घाम. आधी त्या डॉक्टरांकडं गेल्या, रुईतल्या द्रव्यांचे कागद त्यांना दिले, पंधरा मिनिटं बोलल्या. मग बाहेर येऊन बाकावर स्वरूपाच्या शेजारी बसल्या.

"सहा वर्षं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं तुमच्या घरात हा आजार आहे आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"वाटलं, कळलं तर या कामातून काढाल."

"काढलं असतं की नसतं, मला माहीत नाही. पण पहिला तक्ता आला त्या दिवशी तुम्हाला तसंच जाऊ दिलं नसतं. हात धरून बसवलं असतं आणि दुसरा दाखवला असता." मॅडमचा आवाज चढला होता. जाणारी नर्स वळून बघायला लागली. "आणि दुसऱ्या दिवशी तर तुम्हाला कळलं होतं ना? मग आठ दिवस?"

 स्वरूपानं मान खाली घातली. वाटलं, या उठून जातील. मॅडम उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मीसुद्धा ओरडलेच होते की, सतरा सतरा म्हणून. खालचं वाचायच्या आधी." संध्याकाळी वहिनीला चहा आणून दिला तो त्यांनीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी यंत्र थोडा वेळ बंद करून बघितलं. काचेबाहेर वहिनी, लखन आणि स्वरूपा उभी होती. आकडा साठावरून घसरला. पन्नास. शेहेचाळीस. वहिनीनं पदर तोंडात धरला. शेहेचाळीसवर तो घुटमळला. पुन्हा चढायला लागला. चोपन्न. अठ्ठावन्न. आणि तिथं टिकला. त्या दिवशी दुपारी तार काढली.

पण भोग संपला नव्हता. शुद्धीवर आलेल्या मानसिंगच्या रक्तात पांढऱ्या पेशींचा आकडा दुप्पट झाला होता. आठ दिवस गोळी बंद असल्याचा तो परिणाम. त्याच आठवड्यात पुण्याच्या तपासणीचा रिपोर्टही आला. पेशींनी घेतलेलं रूप पहिल्या दोन्ही गोळ्यांना न जुमानणारं होतं. त्यावर चालेल अशी एक गोळी होती.

"मग कधी सुरू करायची?" स्वरूपानं विचारलं.

डॉक्टर नीळकंठ म्हणाले, "पुण्याच्या डॉक्टरांशी बोललो. त्या गोळीचा ताण हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर येतो. यांचं हृदय नुकतंच या विषातून उठलंय. निदान दोन आठवडे थांबावं लागेल. तोवर पेशींना दाबून धरणारं दुसरं औषध देऊ. रोज रक्त तपासायचं, एक दिवस चुकवायचा नाही."

म्हणजे ज्या रुईवर त्यानं भरवसा टाकला, तिनंच खऱ्या औषधाची वाट दोन आठवडे अडवली होती. मानसिंगला हे कळलं तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

ते दोन आठवडे तो स्वरूपाच्या घरी राहिला. सकाळी कॉलेजला जाताना ती त्याला रक्त द्यायला सोडायची, संध्याकाळी कागद घेऊन यायची. आकडा एक दिवस उतरायचा, दोन दिवस चढायचा. बोलणं कमीच व्हायचं. एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "स्वरे, तू सांगितलं नसतंस तरी मी कायतरी प्यायलोच असतो. आपल्या गावच्या दत्तोबानं एक जडीबुटीवाला गाठूनबी ठेवला होता. दोन गोळ्या फसल्यावर मानूस कुठं हात घालंल, सांगता येतंय का?"

"पर मी सांगितलं म्हणून तू इस्वास ठेवलास," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. "व्हय. ते हाय." तिची समजूत घालण्यासाठी खोटं तो बोलला नाही, आणि तिलाही ते बरं वाटलं.

पंधराव्या दिवशी हृदयाचा आलेख स्वच्छ आला. सोळाव्या दिवशी तिसरी गोळी सुरू झाली.

कॉलेजात प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. स्वरूपानं घडलं ते सगळं लिहून दिलं. नोकरी राहिली; फ्रीजरची किल्ली मात्र सहा महिने तिच्याकडून काढून घेतली. आपल्याच हातानं भरलेल्या बाटल्या ठेवायला तिला रोज कुणाला तरी हाक मारावी लागे. याचा तिला राग आला नाही. हे व्हायलाच हवं, असं ती लखनला म्हणाली.

पण गोष्ट गावात पसरली, आणि पसरली ती उलटीच. मानसिंग मरता मरता वाचला तो रुईच्या मुळानं, अशी. जानेवारीत वालचंदनगरच्या वसाहतीतून एक निवृत्त फिटर बायकोचे रिपोर्ट घेऊन बारामतीला तिच्या दारात आले. किती मूळ, कशात उकळायचं, तेवढं लिहून द्या म्हणाले. स्वरूपानं त्यांना घरात घेतलं, पाणी दिलं आणि मानसिंगला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तो काय बोलला ते तिनं ऐकलं नाही. फिटर दहा मिनिटं नुसते हूं, हूं करत होते. मग त्यांनी फोन परत केला, रिपोर्ट पिशवीत घातले आणि विचारलं, "पेशींचं रूप सांगणारा तो म्युटेशनचा तपास असतो म्हणे. तो कुठं करतात?" तिनं पत्ता लिहून दिला.

तिसऱ्या गोळीला तीन महिने झाल्यावर पुन्हा मोठी तपासणी झाली. रोगाच्या पेशींचा शंभरातला जो आकडा चौऱ्याऐंशीवर गेला होता, तो सहावर आला. डॉक्टर म्हणाले, उतार चांगला आहे, पण गाफील राहायचं नाही. या पेशींचा नेम नसतो. मानसिंगच्या पायांना सूज असते, दम लवकर लागतो, रक्तदाबाची गोळी आता कायमची झाली. शेतात तो जातो, बांधावर बसतो, पाण्याची पाळी बघतो.

आणि सतरा नंबर? मॅडमनी तो टाकून दिला नाही. त्याचे गाळून, निवडून अकरा भाग केले आणि अकरा बाटल्या पुण्याला धाडल्या. आठ बाटल्यांनी काहीच केलं नाही. दोघींनी चांगल्या-वाईट सगळ्याच पेशी मारल्या. एकीनं मात्र हट्टी पेशी जास्त मारल्या आणि निरोगी त्यामानानं कमी. फरक थोडा होता. मॅडमनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापले आणि स्वरूपाला बोलावून समोर ठेवले.

"अजून दहा-बारा वर्षं, ताई," त्या म्हणाल्या. "आणि तेवढ्यानंही औषध होईलच असं नाही."

स्वरूपानं दोन्ही कागद बोट ठेवून ओळीनं वाचले. मग विचारलं, "साल संपत आली, मॅडम. पुढच्या आठवड्यात इंदापूरच्या माळावर जायचं का? या खेपेला कोपराच्या वरपर्यंत येतील असे हातमोजे घ्या. चीक फार उडतो."